विमा भरू नका, पात्रांव!

पात्रांव, यंदा स्कूटरचा विमा भरायच्या भानगडीत पडू नका. १२५ सीसीच्या गाडीला थर्ड पार्टीचा दर २०२२ साली ठरला तो वर्षाला ७१४ रुपये, वर कर. तेवढ्यात इसवणाच्या तुकड्या येतात, आणि पॉलिसी काही तळून खाता येत नाही. गाडी घेताना पाच वर्षांचा विमा शोरूमवाल्याने गळ्यात मारलाच होता. २०१८ पासून तशी सक्तीच आहे. तो संपला, आता सुटलात. पकडलं तर पहिल्या खेपेला दोन हजार दंड. तीन महिन्यांपर्यंतची कैदही कायद्यात आहे, पण पुढची ओळ वाचायची कशाला?

धडक खायची तर विमा असलेल्याचीच खा. तुमचा विमा नाही म्हणून आपल्याकडे भरपाई कोणी कापत नाही. चूक समोरच्याची असेल तर त्याच्या कंपनीकडे औषधपाणी, बुडालेली मजुरी, सोसलेल्या वेदना, सगळ्याचे पैसे मागा. कॅलिफोर्नियात जन्मला नाहीत, देवाची कृपा. तिथल्या मतदारांनी १९९६ साली प्रॉपोझिशन २१३ मंजूर केलं. तेव्हापासून बिनविम्याच्या चालकाला, चूक दुसऱ्याची असली तरी, इस्पितळाचं बिल आणि बुडालेला पगार मिळतो. वेदनेचे पैसे सहसा नाहीत. विमा नसला की हाड मोडताना कळ कमी येते, असा तिथला शोध असावा. (मला विचाराल तर हा दंड भलत्याच ठिकाणी बसतो. पण आपल्याकडे तो कुठेच बसत नाही, त्याचं काय?)

आता समजा, पहाटे वळणावर तुम्हीच पाव विकणाऱ्या पोदेराला उडवलंत. सायकल गटारात, उंडे रस्ताभर, त्याची मांडी मोडलेली. घाबरू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ म्हणतं, चूक कुणाची हे न विचारता गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख. विमा नसेल तर मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचे. देऊ नका. न्यायाधिकरण फार तर कलेक्टरला कळवील, आणि तो जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली काढील. मामलेदाराचा माणूस दारात आला की जमिनीचा एक-चौदाचा उतारा पुढे करा: घर अजून पणज्याच्या नावावर, वाटणीची इन्व्हेंटरी कोर्टात पडलेली, निम्मे वारस लिस्बनला. स्कूटर जप्त करतो म्हणाला तर खुशाल नेऊ दे, पुढचं चाक वेगळं बांधून द्या.

पोदेर कुबडी टेकत विचारायला आला, तर त्याला बसवून चहा पाजा. पाव मात्र दुकानातून आणून ठेवा.