डोळ्यांखाली मूळव्याधीचं मलम लावताना

हळदीच्या रात्री जागरण झालं आणि लग्नाच्या सकाळी डोळे पुरीसारखे टम्म फुगले, तर अजिबात घाबरू नका. सरळ मेडिकलमध्ये जा आणि मूळव्याधीचं मलम मागा. आवाज खणखणीत ठेवा. दुकानदार ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला, की "अहो, डोळ्यांना लावायचंय" असं सांगा. तो आणखी एक कागद गुंडाळेल.

हा उपाय थेट अमेरिकेतून आलाय, तिथल्या मॉडेल आणि मेकअपवाल्यांकडून. तिकडच्या 'प्रिपरेशन एच' नावाच्या मूळव्याधीच्या मलमात फिनाइलेफ्रिन असतं, 0.25 टक्के. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि सूज घटकाभर बसल्यासारखी दिसते. अंमल उतरला की ती परत हजर. तेवढ्यात विहीणबाईंसोबतचे फोटो उरकून घ्या.

आपल्याकडचा माल त्याहून दमदार. इथल्या बऱ्याच मलमांत बधिर करणारं लिग्नोकेन असतं आणि वर स्टेरॉईडही. त्यात पापणीची कातडी सबंध अंगात सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यामुळे औषध आत शिरायला वाट मोकळीच! नेमाने लावत राहिलात तर कातडी आणखी विरविरीत होईल, बारीक लाल शिरा उमटतील आणि गुलाबी मेकअपचा खर्च वाचेल. पुढे डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूची सोय होऊ शकते, मोतीबिंदूचीही. मग सूज दिसण्याचा प्रश्नच मिटला. निदान तुमच्यापुरता तरी.

2018 साली सरकारने स्टेरॉईडची 14 मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. चिठ्ठी नसेल तर आतेबहिणीचा व्हॉट्सॲप फॉरवर्ड दाखवा.

ट्यूबवर 'केवळ बाह्य वापरासाठी' असं लिहिलेलं असतं. डोळ्यांखालचा भाग बाहेरच असतो की! 'डोळ्यांत जाऊ देऊ नका' ही ओळ मात्र इतक्या बारीक अक्षरांत असते, की सुजलेल्या डोळ्यांनी ती वाचता येऊ नये अशीच योजना असावी.

मलमाची लाज वाटत असेल तर लिंबू पिळा, टूथपेस्ट थापा. डोळे झोंबून लाल झाले, की सुजेकडे कुणाचं लक्ष जातंय? गार पाण्याची घडी ठेवणं, उशी जरा उंच घेणं, रात्री पापड-लोणचं आवरतं घेणं, हे उपाय फारच मिळमिळीत. त्यांवर रील होत नाही. चाळिशीनंतरच्या पिशव्या बऱ्याचदा पुढे सरकलेल्या चरबीच्या असतात आणि ती कुठल्याच मलमाला दाद देत नाही. पण चिकाटी सोडू नका.

रोज सकाळी डोळे, संध्याकाळी पाय सुजत असतील आणि लघवीला फेस येत असेल, तर चुकूनही डॉक्टरकडे जाऊ नका. ते डोळ्यांकडे धड बघणारसुद्धा नाहीत. मूत्रपिंडाचं काहीतरी बोलतील आणि हातात लघवीची बाटली देतील.