लाज वाटते म्हणजे चूक आहे? अजिबात नाही

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. 'लेस्बियन मुलींना स्वतःचीच लाज वाटते, म्हणजे आतून त्यांनाही माहितीये हे चूक आहे. आता कायदाही त्यांच्या बाजूने आहे, मग अडवतंय कोण? सगळं इंटरनेटचं फॅड, चांगलं स्थळ बघून लग्न लावा, वर्षभरात विसरेल.' मी स्वतः लेस्बियन आहे आणि यातला एकही मुद्दा मला मान्य नाही.

आधी लाजेचं बघू. शाळेत दोन मुली जरा जास्त चिकटून बसल्या की नावं ठेवतात, घरी टीव्हीवर तसलं काही लागलं की चॅनल बदलतात, हे बघत वाढलेल्या पोरीला स्वतःबद्दल काही कळायच्या आधीच अशा बायका वाईट हे पाठ झालेलं असतं, मग लाज वाटणार नाही तर काय. बाहेरचा हा तिरस्कार असा आपल्याच मनात मुरतो, याला इंटर्नलाइज्ड होमोफोबिया म्हणतात. २००१ मध्ये शिमान्स्की आणि चंग या संशोधकांनी तो मोजायला खास लेस्बियन बायकांसाठी ५२ विधानांची प्रश्नावली केली, त्यात स्वतःबद्दल काय वाटतं हे तर आहेच, शिवाय इतर लेस्बियन बायकांबद्दल काय वाटतं, त्यांच्यात तुमची ऊठबस आहे का, हेही आहे. आणि इतर जणींबद्दल विचारणं अगदी बरोबर आहे. माझी एक मैत्रीण कोथरूडला पार्टनरसोबत राहते, आई गावाहून येणार म्हटलं की हॉलमध्ये दुसरी गादी पडते, शेजारी 'मावसबहिणी आहोत' सांगून ठेवलंय, आणि बारीक केसांची, शर्ट घातलेली पोरगी दिसली की 'शी, इतकं दाखवायची काय गरज' हेही तीच म्हणायची. ते थांबलं अशाच काही जणींसोबत रविवारी चहाला बसायला लागल्यावर. कुणाच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाचा बॉस, कुणाचं पार्टनरशी भांडण, एवढंच बोलणं चालायचं तिथे. गादी अजून पडते, पण ते 'शी' गेलं.

कायद्याचं म्हणाल तर ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ च्या निकालाने समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का गेला, हे फार मोठं झालं. पण १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. आणि घरात मामा-काका काय बोलतात ते कुठलं कोर्ट थांबवणार?

फॅड? १९८७ मध्ये भोपाळला लीला आणि उर्मिला या दोन महिला पोलीस कॉन्स्टेबलनी एकमेकींशी लग्न केलं, त्यापायी नोकरी गेली. मुंबईत 'स्त्री संगम' हा लेस्बियन आणि बायसेक्शुअल बायकांचा गट १९९५ ला सुरू झाला. तेव्हा कुणाच्या हातात मोबाईल होता?

लग्न लावून द्यायचा सल्ला सगळ्यात घातक. तिचं आयुष्य तर जातंच, ज्याला काहीच सांगितलेलं नाही त्या नवऱ्याचंही जातं. आणि 'बरं करतो' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे तर मुळीच नेऊ नका, २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने, म्हणजे डॉक्टरांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, कन्व्हर्जन थेरपी (समलिंगी माणसाला 'बदलायचे' उपचार) हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. ज्या मुलीला आतून त्रास होतोय तिने काउन्सेलर जरूर गाठावा, फक्त पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावं, 'मला बदलायचा प्रयत्न करणार का?' उत्तर गोलगोल आलं तर उठून दुसरीकडे जायचं.