मळ्यात सोडलेल्या गाई आणि ‘मजेत’ शेतकरी

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा आला: ‘कोरोनात आपण घरात कोंडलेले, शेतकरी मात्र मजेत. शेती सुरू, उत्पन्न वाढलं, गावात आजार नाही, दिवसभर शेतातले व्हिडिओ.’ खाली सतरा अंगठे. म्हणून लिहितोय.

शेती सुरू होती, हे खरं. 25 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली आणि दोन-तीन दिवसांत शेतीकामांना सूट मिळाली. त्या हंगामात मध्य प्रदेशात सरकारने 1925 रुपये क्विंटलने सुमारे 129 लाख टन गहू घेतला, पंजाबहून जास्त. पण गहू पोत्यात थांबतो, वांगी थांबत नाहीत. इंदुरात तर मार्चअखेर भाजी-किराण्याची दुकानंही बंद केली होती.

उत्पन्न वाढलं? एप्रिल ते जून 2020 मध्ये देशाचा जीडीपी 23.9 टक्के घसरला आणि शेती 3.4 टक्के वाढली, त्यावरून हे आलं असावं. हा आकडा स्थिर किमतींवर, एका ठरलेल्या जुन्या वर्षाचे भाव धरून, काढतात. म्हणजे पिकलं किती ते कळतं, हातात काय पडलं ते नाही.

गावात आजार नाही, हे लिहिणाऱ्याने 2021 चा एप्रिल-मे पाहिलेला दिसत नाही.

आता ते व्हिडिओ. सांवेरकडच्या आमच्या मामांचा पहिला मेसेज साधा होता: ‘इंदूरला जाणारी गाडी आहे का कुणाकडे? वांगी तोडून ठेवलीत.’ उत्तर आलं नाही. संध्याकाळी तोच मेसेज पुन्हा. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ: वांग्याच्या मळ्यात गाई चरताहेत आणि मागून मामांचं हसू, ‘खा बायांनो, आज तुमची मेजवानी!’ आम्ही हसण्याच्या इमोजी टाकल्या. मीही टाकली. मामींनी नंतर सांगितलं, त्या रात्री ते जेवले नाहीत. आमच्याकडे माणूस ‘मला वाईट वाटतंय’ असं लिहीत नाही. गाडी आहे का विचारतो, नाहीतर थट्टा करतो.

आणि ज्यांनी थट्टा केली नाही, त्यांचं काय? मार्च 2020 मध्येच कर्नाटकातल्या एका पोल्ट्रीवाल्याने जिवंत कोंबड्या खड्ड्यात पुरल्याचा व्हिडिओ देशभर फिरला होता. कोंबडीने कोरोना होतो, या अफवेने भाव कोसळले होते. ती अफवा आपल्या याच ग्रुपवरही आली होती. वर सरकवत जा, सापडेल. तिलाही अंगठे आहेत.