शेवटचा पेपर भूगोलाचा

"ताई, भूगोलाचं काय घेऊन बसलीस? शेवटचा पेपर असतो तो. होतं पाठ." नाशिकहून धाकट्या भावाचा फोन होता. भाची दहावीत आहे. तिच्या शाळेच्या पालकसभेत कुणीतरी मागणी केली की जानेवारीपासून भूगोलाचे तास गणिताला द्यावेत, आणि शाळेने ती तिथल्या तिथे मान्य केली. मी बर्मिंगहॅममध्ये माध्यमिक शाळेत भूगोलच शिकवते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मार्च 2020 मध्ये करोनामुळे दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला आणि मंडळाने इतर विषयांच्या सरासरीवरून त्याचे गुण दिले. तेव्हा दुसरा इलाज नव्हता, मंडळाला मी दोष देणार नाही. पण भूगोलावाचून काही अडत नाही, ही समजूत आपल्याकडे त्याआधीही होती आणि त्यानंतर ती आणखी घट्ट झाली.

इंग्लंडमध्ये सगळं आलबेल आहे असंही नाही. चौदाव्या वर्षी मुलांना विषय निवडायला सांगतात आणि कितीतरी मुलं त्या वयात भूगोल सोडतात, कायमचा. आपल्याकडे निदान दहावीपर्यंत तो प्रत्येकाला शिकावा लागतो. माझ्या लहानपणी बाई वहीत महाराष्ट्राच्या नकाशाचा ठसा उमटवून द्यायच्या आणि आम्ही त्यात गोदावरी, प्रवरा, मांजरा भरायचो. त्या नद्या मला आजही डोळे मिटून काढता येतात. पाठांतराला नावं ठेवायला मी तयार नाही. इथल्या मुलांना आपल्या गावच्या पलीकडची नदी सांगता येत नाही, हे मी रोज पाहते.

पण जी मुलं इथे भूगोल घेतात, त्यांना जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेआधी दोन वेगवेगळ्या प्रकारच्या ठिकाणी क्षेत्रभेट करावीच लागते. ती झाली असं शाळेला लेखी द्यावं लागतं आणि पेपरात त्यावर प्रश्न येतो. आम्ही मुलांना श्रॉपशायरमधल्या कार्डिंग मिल व्हॅलीत नेतो. तिथला ओढा इतका अरुंद की उंच मुलं उडी मारून पलीकडे जातात. मुलं गमबूट घालून पाण्यात उतरतात, टेपने रुंदी घेतात, पट्टीने चार-पाच जागी खोली मोजतात. मग वरच्या बाजूला एक संत्रं सोडायचं आणि दहा मीटर जायला त्याला किती सेकंद लागतात ते बघायचं. रुंदी गुणिले खोली गुणिले वेग, की विसर्ग निघतो, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतं ते.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी काठावर उभी होते आणि कानात घुमत होतं नाशिकचं श्रावणातलं बोलणं. "गंगापूरमधून किती सोडलं?" "दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं का?" गंगापूर हे शहराच्या वरचं धरण, आणि दुतोंड्या मारुती ही गोदावरीच्या पात्रातली मूर्ती; पाणी तिच्या कुठवर आलं यावरून नाशिककर पूर जोखतात. पंचवटीत वाढलेल्या मला विसर्ग आणि क्युसेक हे शब्द बाराखडीच्या वयापासून ठाऊक होते. पण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर पाणी, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. गोदावरी 1465 किलोमीटर लांब आहे, हे पाठ होतं.

आपल्या दहावीच्या पुस्तकातला पहिलाच धडा 'क्षेत्रभेट' आहे. नळदुर्गहून अलिबागपर्यंतची सहल त्यात आहे आणि धडा चांगला आहे. पण भाचीने तो बाकावर बसून वाचला आणि त्याखालची उत्तरं गाइडमधून उतरवली. एका वर्गात साठ-पासष्ट मुलं, त्यात सरांना निवडणुकीचं काम. एवढ्या मुलांना नदीवर एकट्याने कोण नेणार? माझ्या वर्गात 28 मुलं असतात आणि सोबत आणखी दोन शिक्षक. हा फरक लक्षात न घेता इथून उपदेश करणं बरोबर नाही. म्हणून माझं मागणं एवढंच आहे: गणिताला दिलेले ते तास परत द्या, पावसाळा ओसरल्यावर वर्गाच्या दोन तुकड्या करा, गुडघाभर पाण्याचा एखादा ओहोळ निवडा, पालकांनाही सोबत घ्या. सहलीला वॉटरपार्कला बस जाते, तशीच ओहोळावरही जाईल.

आणि नाशिकला तर याची सर्वांत जास्त गरज आहे. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात सव्वाशे किलोमीटरवर येवल्याला 500 च्या आसपास. 'भौगोलिक कारणे लिहा' म्हणून यापेक्षा चांगला प्रश्न कुठे मिळेल? समन्यायी पाणीवाटपाच्या सूत्राप्रमाणे, 15 ऑक्टोबरला मराठवाड्यातलं पैठणचं जायकवाडी धरण 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा विचार होतो. मग गंगापूर, दारणा या धरणांवरून नाशिक आणि मराठवाडा आमनेसामने येतात, मोर्चे निघतात, प्रकरण कोर्टात जातं. आज दहावीत असलेली मुलं तीन वर्षांत मतदार होतील आणि त्यांच्या समोर हा वाद असेलच. पैठणच्या मुलीला आणि नाशिककडच्या निफाडच्या मुलाला निदान एकाच मापात बोलता यावं.

गेल्या दिवाळीत माझ्या सुट्टीचा आठवडा जुळून आला, तेव्हा भाची आणि तिच्या तीन मैत्रिणींना घेऊन मी नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या पायथ्याला एका ओहोळावर गेले. रुंदी दीड मीटर, खोली सरासरी दहा सेंटिमीटर. वहिनीने दिलेलं लिंबू सोडलं, ते दगडात अडकलं, परत सोडलं. तिसऱ्या वेळी दहा मीटरला वीस सेकंद. वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात पळतं, म्हणून वेगाला 0.8 ने गुणायला सांगितलं. भाचीने ओल्या हातांनी वहीत मांडलं: सेकंदाला साठ लिटर. म्हणजे दोन क्युसेक.

ती पाण्यातच उभी राहिली. "आत्या, गंगापूरमधून दहा हजार सोडतात ना," ती म्हणाली, "म्हणजे असे पाच हजार ओहोळ? एकदम?"