एकास सत्त्याऐंशी

कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ सालापासूनचं. भाच्याला दाखवायला घेऊन गेलो. भाचा दहा मिनिटांत "मामा, आइस्क्रीम" करायला लागला आणि मामा काही जागचा हलेना. घरी आलो तेव्हा ही मेथी निवडत होती.

"मी रेल्वे घेणार आहे," मी म्हटलं.

"कुठली? कोकण रेल्वे?"

मी तिला एचओ स्केल समजावून सांगितलं. खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान, एकास सत्त्याऐंशी. "म्हणजे किंमतही तेवढीच कमी का?" असं तिने विचारलं आणि मी घाईघाईने तिच्या हातातली जुडी घेऊन मेथी निवडू लागलो.

मनात अर्थातच डेक्कन क्वीन होती. १ जून १९३० पासून धावणारी आपली दख्खनची राणी, तिच्याशिवाय पुण्यातल्या माणसाने दुसरी कुठली गाडी घ्यायची? रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हल्लीचा डबा साडेतेवीस मीटरचा, म्हणजे आपल्याकडे २७ सेंटिमीटर. सोळा डबे आणि इंजिन धरलं तर साडेचार मीटर. आमचा हॉल चार मीटर. इंजिन बाल्कनीत पोचेल तेव्हा शेवटचा डबा देवघरातून निघत असेल. पुणे-मुंबई १९२ किलोमीटर, त्याला सव्वादोन किलोमीटर रूळ लागणार. इथे मी पेन्सिल ठेवली आणि नवशिक्यांचा संच मागवला: लंबगोल रूळ, एक जर्मन इंजिन, तीन मालडबे आणि वेग कमी-जास्त करायची एक चकती.

खोकं उघडताना शेजारचे काका आले. ते भुसावळ विभागातून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेत, पण निवृत्तीची बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. त्यांनी चहाच्या आधी फूटपट्टी मागितली.

"साडेसोळा मिलिमीटर," रुळांच्या मधलं अंतर मोजून ते म्हणाले. मग मोबाइलवर गुणाकार. "१४३५. अरे, ही स्टँडर्ड गेज! आपली ब्रॉडगेज १६७६. तुला सव्वाएकोणीस मिलिमीटर पाहिजेत. ह्याच्यावर पुण्याची मेट्रो चालव. डेक्कन क्वीन नाही चालणार."

बाजारात सर्रास मिळतात ते साडेसोळाचेच रूळ, त्यामुळे आपल्या गाड्यांची हौस असणारे बरेच जण हे पावणेतीन मिलिमीटर मुकाट्याने गिळतात. काका गिळेनात. जाताना त्यांनी चहाही अर्धा ठेवला.

पहिला अपघात दिवाळीत झाला. गाडी वळणावर आली, टुणकन उडाली आणि तिन्ही डबे आडवे. रूळ तपासले, चाकं तपासली. शेवटी आईचं पोथी वाचायचं भिंग आणलं तेव्हा सापडला चिवड्याच्या फोडणीतला मोहरीचा एक दाणा. दोन मिलिमीटरचा. त्याला ८७ ने गुणा: सतरा सेंटिमीटरचा धोंडा रुळावर! पुढच्याच फेरीत शेंगदाणा निघाला, ती तर सरळ खंडाळ्याच्या घाटातली दरड. तेव्हापासून आमच्याकडे फराळ स्वयंपाकघरात उभ्याने होतो. पाहुणे काही बोलत नाहीत, पण फारसे येतही नाहीत.

घाटावरून आठवलं. इन्कम टॅक्सच्या जुन्या फायली रचून मी बोरघाट केला. खऱ्या बोरघाटात ३७ मीटर गेल्यावर एक मीटर चढ येतो आणि तरीही कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावावी लागतात. माझ्या फायली जास्त भरल्या. जर्मन इंजिन अर्ध्या चढावर जागच्या जागी चाकं फिरवत कण्हायला लागलं. मी मागून तर्जनी लावली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हाताने ढकलायची होती तर वीस रुपयांची मिळत होती की जत्रेत."

पण खरा छळ धुळीचा. इंजिनाला बारा व्होल्टची वीज मिळते ती रुळांतून, चाकांवाटे. रुळावर काळपट थर धरला की गाडी आचके देते, मग थांबते. त्यामुळे या छंदात गाडी चालवणं हा भाग थोडा. मुख्य काम म्हणजे हॉलभर पालथं पडून स्पिरिटच्या बोळ्याने रूळ पुसणं. हे मी मनापासून करतो आणि सकाळी मावशी येऊन तेच रूळ फरशीच्या ओल्या फडक्याने पुन्हा पुसतात. त्यांना समजावून पाहिलं. "दादा, मग खाली पसारा मांडायचाच कशाला?" यावर उत्तर नव्हतं. आता मावशी आल्या की मेगाब्लॉक: सगळे रूळ गोळा करून दिवाणाखाली. मध्येच एकदा हिची केसांची पिन दोन रुळांवर आडवी पडली, शॉर्टसर्किट झालं आणि पूर्ण रविवार मी मोटर जळली असं समजून सुतकात काढला.

शेवटी गेल्या रविवारी संध्याकाळी मुहूर्त लागला. रूळ चकाचक, फराळ बंद, पिना मोजलेल्या. यावेळी मार्ग सोफ्याच्या मागून काढला होता, म्हणजे बोगद्याचा आनंद. काकासुद्धा आले, गेजबद्दल एक अक्षर न काढता. खिशात हिरवा हातरुमाल होता, तो त्यांनी दाखवला. तोंडाने शिट्टीही दिली. मी चकती फिरवली. गाडी निघाली, आईच्या खुर्चीवरून डौलात पुढे गेली आणि सोफ्यामागे शिरली.

आम्ही दुसऱ्या टोकाला बघत बसलो. एक मिनिट झालं. ही पोळ्या सोडून दारात येऊन उभी राहिली. मी चकती पुढे फिरवली, मागे फिरवली. काकांचा रुमाल हळूहळू खाली आला.

आईने जपमाळेवरून नजरही काढली नाही.

"आउटरला उभी असेल," ती म्हणाली. "येईल."