डिकी, मोजपट्टी आणि ‘कंजूषपणा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मोठे कुत्रे आणि परवडणारी कौटुंबिक गाडी या विषयावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. तिच्यातील एक वाक्य मात्र मी तीनदा वाचले: ‘मोठा कुत्रा पाळण्याची हौस असेल त्याने सरळ मोठी एसयूव्ही घ्यावी; मोजपट्टी घेऊन डिक्या मोजत फिरणे हा निव्वळ कंजूषपणा आहे.’ मतभेदाला माझी हरकत नाही. परंतु ज्याला आपण कधी भेटला नाहीत त्याचा स्वभाव आणि खिसा एका वाक्यात जोखण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे कळले असते तर बरे झाले असते.

मी गेली 17 वर्षे मोठ्या कुत्र्यांबरोबर राहतो आहे आणि त्यांतली 4 वर्षे आपण सुचवता तशीच एक उंच, रुबाबदार गाडी आमच्या दारात होती. आमचा लॅब्रॅडॉर तरुण होता तोवर एका उडीत आत जाई. नवव्या वर्षी त्याचे मागचे सांधे आखडले, आणि मग तो पुढचे दोन्ही पंजे डिकीच्या काठावर टेकवून, मान वळवून माझ्याकडे पाहत नुसता उभा राहू लागला. त्याचा 34 किलोंचा देह मागून उचलून आत सरकवताना माझी कंबर कितीदा धरली ते घरच्यांना विचारावे. जमिनीपासून डिकीच्या काठापर्यंतची उंची मोजा, हा सल्ला मला त्या कंबरेने शिकवला.

राहिला प्रश्न डिकीच्या लिटरमधल्या आकारमानाचा. अनेक कंपन्या डिकीचे जे आकारमान छापतात ते 200 बाय 100 बाय 50 मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर 1 लिटरचे ठोकळे रचून काढलेले असते. ठोकळा डिकीत आलेल्या चाकाच्या फुगवट्यामागच्या सांदीत बसतो. जर्मन शेफर्ड बसत नाही. त्या जातीचा नर खांद्याशी 60 ते 65 सेंटिमीटर भरतो, त्याला आत उभे राहून वळता आले पाहिजे, आणि ते दोन फुगवट्यांमधली रुंदी, तळाची लांबी आणि मागच्या काचेचा उतार यांवर ठरते. उतरत्या काचेची ऐटबाज एसयूव्ही इथे मागे पडते आणि तिच्याहून स्वस्त, उभ्या पाठीची एमपीव्ही (प्रशस्त कौटुंबिक गाडी) किंवा स्टेशन वॅगन (छत मागच्या दारापर्यंत नेलेली लांब गाडी), तीही वापरलेली, उजवी ठरते. मोजपट्टीशिवाय हे ओळखण्याची युक्ती आपल्याकडे असल्यास अवश्य सांगावी.

आपली एक दुरुस्ती मान्य. 60:40 अशा दोन भागांत दुमडणाऱ्या मागच्या सीटचा मोठा, 60 टक्क्यांचा भाग नेहमी चालकाच्या मागे असतो असे मी लिहिले होते. तो गाडीगणिक बदलतो. लेखात फेरफार केला आहे.

दोन मुलांच्या चाइल्ड सीट बसवल्यावर कुत्र्यासाठी दुमडायला सीट उरते कुठे, असेही आपण विचारले आहे. तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, मी त्यात पडत नाही. डिकी आणि सीट यांच्या मधली जाळी आपल्याला फाजील खर्च वाटते. ताशी 50 किलोमीटर वेगाने आदळणे हे साधारण 10 मीटर उंचीवरून पडण्यासारखे असते, आणि मोकळा बसलेला कुत्रा त्याच वेगाने पुढच्या सीटवर येतो, एवढे सांगून हा विषय सोडतो.

पुन्हा लिहाल तेव्हा विशेषणांऐवजी आपल्या कुत्र्याची खांद्यापर्यंतची उंची आणि नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी कळवावी. मुळात आपल्याकडे कुत्रा आहे की नाही, याचा उल्लेख इतक्या लांबलचक प्रतिक्रियेत मला कुठेच सापडला नाही.