किंगडा का : गाडी उलटी आली, मेलं कोणीच नाही

आईने काल न्यू जर्सीला ताईला फोन करून शपथ घातली, मुलांना त्या पार्कात न्यायचं नाही. कारण घरच्या ग्रुपवरचा व्हिडिओ: ‘जगातला सर्वांत उंच रोलर कोस्टर अर्ध्यावरून उलटा घसरला, सगळे जागीच ठार, शेवटी सरकारने तो सुरुंग लावून उडवला. एवढ्या उंचीवर हृदय बंद पडतं!’ पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकाने तरी तो नीट पाहिला का?

हा न्यू जर्सीतल्या जॅक्सन गावच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर या पार्कातला किंगडा का. गाडी उलटी यायची, हे खरं, पण तो अपघात नव्हेच. याला वर ओढणारी साखळी नव्हती. साडेतीन सेकंदांत ताशी 206 किलोमीटरचा वेग द्यायचा आणि त्या जोरावर 139 मीटरचा मनोरा ओलांडायचा. रेटा जरा कमी पडला किंवा वारा आडवा आला की गाडी माथ्याशी अडून आल्या वाटेने परतायची. बांधणाऱ्यांनी हे धरूनच आखणी केली होती. गाडी सुटून गेली की रुळामधल्या ब्रेकच्या धातूपट्ट्या मागे पुन्हा वर उठायच्या आणि परतणारी गाडी चुंबकाच्या जोरावर मंदावायची. त्याला वीजही लागत नाही. व्हिडिओत गाडी मंदावते, लोक हात वर करून ओरडताना दिसतात, आणि तिथेच तो कापून कोसळता मनोरा जोडलाय. त्या कोसळण्यात गाडी दाखवा कुठे आहे ती!

सरकारचा संबंधच नाही. 14 नोव्हेंबर 2024 ला खुद्द पार्कने जाहीर केलं की किंगडा का कायमचा बंद, जागी नवा कोस्टर आणणार. रिकामा मनोरा 28 फेब्रुवारी 2025 ला पाडला. 19 वर्षांत त्यावर एकाही प्रवाशाचा जीव गेला नाही.

हृदयरोग्यांनी आणि गरोदर बायकांनी बसू नये, अशी सूचना असल्या पाळण्यांवर असते. हृदय बंद पडण्याच्या दाव्यात खरं आहे ते एवढंच.

कोस्टर कटकटीचा होता, हे मानावं लागेल. 2005 च्या मेमध्ये सुरू झाला आणि जूनमध्येच बिघडून ऑगस्टपर्यंत बंद राहिला. आणि त्या पार्कात माणसं मेलीही आहेत, पण इतर खेळांत. सर्वांत मोठी दुर्घटना 11 मे 1984 ची: हॉन्टेड कॅसल नावाच्या भुताच्या घराला आग लागली. आठ किशोरवयीन मुलं गेली. आत आग विझवणारे पाण्याचे फवारे (स्प्रिंकलर) नव्हते. त्यावर मात्र एकही फॉरवर्ड नाही.

ताई, मुलांना खुशाल ने. बंदिस्त खेळात शिरताना बाहेरचं दार कुठे आहे ते आधी बघ. आईशी मी बोलतो.